चौरस मीटरला बारा

आचलनं शेंग अंगठ्यानं दाबून फोडली, दाणे बाजूला टाकले आणि टरफलाची आतली बाजू नखानं खरवडून पाहिली. काळपट. तिनं ते टरफल डाव्या ढिगात ठेवलं. पुढची शेंग आतून पांढरी निघाली. ती उजव्या ढिगात गेली. वावरातल्या पाच जागांहून तिनं चार-चार शेंगा उपटून आणल्या होत्या. वीस झाल्यावर तिनं डावा ढीग मोजला.

"तेरा," ती म्हणाली.

"झालं का तुह्यं काळं-गोरं?" तिचे वडील उत्तमराव निंबाखाली उभे होते. गुडघ्यांमुळे ते वावरात फारसे उतरत नसत, सावलीतूनच हुकूम सोडत. "तेरा म्हणजे काय? उपटायचा का नाई उपटायचा?"

"पंधरा लागतात. अजून आठ दिवस."

धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी असलेली शालू हसली. हसू तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याच्या आत होतं, पण डोळ्यांवरून कळत होतं. गावातल्या चौदा बायांची टोळी तिच्या शब्दावर कामाला जायची आणि तिच्याच शब्दावर घरी बसायची.

"उत्तमभाऊ, उद्या या म्हणसान तं उद्या येतो. परवापासून आमी तेल्हाऱ्याकडे, कांद्यावर. तठून कवा वापस येऊ त्याचा नेम नाई."

"आठ दिवसांनी ये."

"आठ दिवसांचं मी सांगत नाई."

शालू धुऱ्यावरून खाली उतरली. तिनं भुईमुगाचं एक झाड मुळाशी धरून उपटलं, माती झटकली आणि आचलच्या पुढ्यात धरलं. पानांवर काळसर तपकिरी गोल ठिपके होते, टिक्का रोगाचे. खालची पानं पिवळी पडून गळायला आली होती. शेंग ज्या देठानं झाडाला लटकते ती आरी शालूनं दोन बोटांत धरून हलकेच ओढली. आरी तुटली.

"पाय पोरी. शेंग काळी झाली का गोरी, काय पाहून रायली? आरी पाय. पान गळालं का आरी सडते. आरी सडली का शेंग मातीत रायते. मंग तुह्या काळ्या शेंगा घेऊन काय करशीन?"

आचलनं बाजूचं झाड उपटलं. त्याच्या शेंगा सगळ्या वर आल्या. तिनं ते झाड शालूला दाखवलं.

"एखादी सुटते, काकू. एका झाडावरून नाही सांगता येत. सरासरी पाहावी लागते."

"सरासरी," शालू म्हणाली आणि हातातलं झाड धुऱ्यावर टाकलं.

"तिच्या आकड्यावर चालते आता हे वावर," उत्तमराव म्हणाले. "तुह्या बोटावर नाई."

"चालते न. पऱ्हाटीबी तिच्याच आकड्यावर गेली. आमचे दोन वेचे गेले, चुलीचं जळतन गेलं. आता शेंगीचंही पाहा म्हणा."

डिसेंबरात ह्याच वावरात कापूस उभा होता. विहिरीला पाणी होतं, झाडांवर बोंडं होती, अजून दोन वेचे सहज निघाले असते. आचल त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात अकोल्याहून कृषीची पदवी घेऊन घरी आलेली. तिनं वावराच्या चार कोपऱ्यांत कामगंध सापळे लावले होते आणि त्यांत अडकलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग ती रोज सकाळी मोजायची. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ पतंग आले की धोका समजतात. तिच्या सापळ्यात सतरा, एकवीस आणि एकोणीस आले. फरदड ठेवायची नाही, हंगाम संपलेला कापूस पुढं ओढायचा नाही, ह्यावर ती अडून बसली. उत्तमरावांनी चार दिवस शिव्या दिल्या आणि पाचव्या दिवशी उभ्या पऱ्हाटीवर यंत्र फिरवून तिचा जागेवरच भुगा केला. शेजारच्या गजेंद्रनं त्याच्या विहिरीजवळच्या तुकड्यात फरदड ठेवली. फेब्रुवारीत त्याची बोंडं अर्धवट उमलून कवडी झाली आणि आत अळी निघाली. तेव्हापासून उत्तमराव चहाच्या टपरीवर 'आमच्या आचलचा आकडा' असं म्हणू लागले होते.

"अन् एक आत्ताच सांगून ठेवतो, भाऊ," शालू म्हणाली. "आमी कवाबी येऊ, पण सरवा तीन दिवस पायजे. मागच्या सालासारखं चालणार नाई."

पीक काढून झाल्यावर वावरात जे राहतं तो सरवा. ज्या बायांनी पीक काढलं त्यांनीच तो वेचायचा आणि तीन दिवस मालकानं वावरात वखर घालायचा नाही, असं गावात चालत आलेलं होतं. मागच्या वर्षी उत्तमरावांनी उपटणी झाली त्याच संध्याकाळी गजेंद्रचा ट्रॅक्टर बोलावला, वखर फिरवला आणि वर आलेल्या शेंगा घरच्या माणसांकडून वेचून घेतल्या. सकाळी टोपली घेऊन आलेल्या बाया धुऱ्यावरूनच परत गेल्या होत्या.

"सरवा काय कायद्यात लिहून आहे?" उत्तमरावांनी विचारलं.

"कायद्यात तं आमी तुमचा भुईमूग उपटाचा हेबी लिहून नाई. उपटा मंग सोताच्या हातानं."

"पाहू."

"पाहू नाई. हो म्हणा."

उत्तमरावांनी तिच्याकडे पाठ केली. "आठ दिवस म्हणतेस न, आचल? पक्कं?"

"पक्कं."

"मंग झालं. जा तू तेल्हाऱ्याले."

शालू गेली. जाताना तिनं धुऱ्यावर टाकलेलं झाड पायानं वावरात ढकललं. वडिलांनी आपल्याला आठ दिवस का हवेत हे विचारलंच नाही, हे आचलच्या लक्षात आलं. पण त्या वेळी तिला ते बरंच वाटलं.

*

आठव्या दिवशी विसातल्या सोळा शेंगा आतून काळ्या निघाल्या. पुस्तकात होतं तसंच. आचलनं आकडा वहीत लिहिला आणि मग कुतूहलानं एक झाड उपटलं. हातात झाड आलं, पण काही शेंगा मातीतच राहिल्या. तिनं दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. मग ती थांबली.

मधले दोन दिवस आभाळ भरून आलं होतं. पाऊस पडला नाही, पण हवा दमट झाली आणि टिक्का झाडांच्या शेंड्यापर्यंत चढला. त्यावरची शेवटची फवारणी तिनंच थांबवली होती. काढणी तीन आठवड्यांवर आली की बुरशीनाशक मारायचं नाही, शेंगेत अंश उतरतो. नंतर काढणीही तिनंच आठ दिवस पुढं नेली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते. ते एकाच पिकावर एकापाठोपाठ एक घेतले होते, एवढंच.

उत्तमरावांनी शेजारच्या तीन गावांत फोन लावले. लग्नसराई होती, ऊन चव्वेचाळीसच्या वर होतं, दोन एकरांसाठी कोणी गाडी भरून यायला तयार नव्हतं. शालूची टोळी दहाव्या दिवशी परत आली. उत्तमराव तिच्याकडे गेले नाहीत. त्यांनी आचलला पाठवलं.

बुद्धविहाराच्या मागं शालूचं घर होतं. ती ओट्यावर बसून पाय चोळून धूत होती. कांद्याचा वास अंगणभर होता. टोळीतली सगळ्यात म्हातारी आशाबाई भिंतीला टेकून तंबाखू मळत होती.

"बसा मॅडम," आशाबाई म्हणाली. "आकडा आणला का संगं?"

आचल बसली नाही. "काकू, उद्या या. लय पानगळ झाली."

"उत्तमभाऊ काहून नाई आले?"

"गुडघे दुखतात त्यांचे."

"जीभ तं दुखत नाई. फोन कराचा." शालूनं दुसरा पाय पाण्यात घातला. "आऱ्या किती सुटून रायल्या?"

"बऱ्याच."

"बऱ्याच म्हणजे किती? तू तं मोजतेस न सारं."

आचलनं आठव्या दिवसानंतर मोजलं नव्हतं. रोज सकाळी ती वावरात जायची, पाणी पाहायची, पाइप उचलायची आणि परत यायची. चौकोन आखून मोजायचे बांबूचे खुंट गोठ्यातच पडून होते.

"नाही मोजलं," ती म्हणाली.

आशाबाईनं तंबाखू तोंडात टाकला. "पाय वं शालू, मॅडम मोजाले भेली."

शालू हसली नाही. "येतो. पण सरवा तीन दिवस. अन् तुह्या बापाच्या तोंडून नाई, तुह्या तोंडून पायजे. तो पाहू म्हणते अन् संध्याकाळी ट्रॅक्टर आणते."

"वखर येणार नाही. मी सांगते."

"बापाले विचारून सांगतेस?"

"नाही."

"मंग उद्या साडेपाचले येतो," शालू म्हणाली. "पाहतो तुह्या शब्दाचं वजन किती हाय ते."

ओट्याची पायरी उतरताना आचलच्या मनात एक साधा हिशोब आला. शेंगा मातीत जितक्या जास्त राहतील तितका सरवा मोठा. म्हणजे उशीर झाला तर फायदा शालूचाच होता. तरीही त्या सकाळी उद्याच उपटा म्हणणारी एकटी तीच होती. हे आचलला त्याच वेळी सुचायला हवं होतं. ती तेव्हा टरफलं मोजत होती.

*

उपटणी उजाडायच्या आधीच सुरू झाली. अकरा वाजेपर्यंत काम उरकायचं, त्यानंतर मातीला हात लावणं शक्य नसतं. आदल्या दिवशी हलकं पाणी दिलेलं असल्यानं झाडं पटकन निघत होती. फार पटकन. चौदा बाया ओळीनं वाकून पुढं सरकत होत्या आणि नेहमी उपटणीत जो चर्र असा आवाज येतो तो येत नव्हता. झाड हातात हलकं यायचं, बाया ते झटकायच्या आणि मागं टाकायच्या. कोणी काही बोलत नव्हतं. एरवी ह्या टोळीच्या गप्पा तिसऱ्या वावरापर्यंत ऐकू जायच्या.

"गप्प काहून हाय सारे?" उत्तमराव निंबाखालून ओरडले.

"भाऊ, मोजून रायलो आमी," आशाबाई ओरडली. "तुमच्याच घरून शिकलो."

ओळीत हशा पिकला आणि लगेच थांबला.

उपटलेला भुईमूग बायांनी डोक्यावरून नेऊन धुऱ्याजवळच्या पडीक जागेवर वाळायला पसरला. वावर रिकामं झालं. बाया निंबापासून दूर, विहिरीच्या कठड्याच्या सावलीत भाकरी सोडून बसल्या. तेव्हा आचलनं गोठ्यातून चार खुंट आणि सुतळी आणली. वावराच्या मध्यावर तिनं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखला आणि गुडघ्यावर बसून खुरप्यानं वीतभर खोल माती काढली. ढेकूळ हातानं फोडून ती शेंगा घमेल्यात टाकत होती. पहिल्या पाच मिनिटांत पंचवीस झाल्या.

एकूण एकाहत्तर निघाल्या.

तिनं परत मोजल्या. एकाहत्तरच. एका शेंगेचं वजन एक ग्रॅम धरलं तर दोन एकरांत साडेपाच क्विंटलच्या वर. वर आलेल्या पिकाच्या जवळजवळ एक तृतीयांश मातीत. पुस्तकात हा आकडा कुठंच नव्हता. त्यात फक्त टरफलाच्या रंगाचं लिहिलेलं होतं.

तिनं मान वर केली. विहिरीच्या सावलीतून शालू तिच्याकडे पाहत होती. हातातला घास तसाच होता.

धुऱ्यावर ट्रॅक्टर आला. मागं वखर लावलेला होता. गजेंद्रनं इंजिन चालूच ठेवलं आणि सीटवरून उत्तमरावांना हात केला. उत्तमराव निंबाखालून निघाले. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात काठी, ते धुऱ्याच्या कडेकडेनं आचलच्या दिशेनं येऊ लागले.

"किती रायल्या?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"बाबा, तीन दिवस वखर घालायचा नाही. मी त्यांना कबूल केलं आहे."

"तू कोण कबूल करणारी? वावर तुह्या नावावर झालं का?" ते धुऱ्यावरच थांबले. मधे मऊ माती होती आणि त्यांना ती चालायला नको होती. "ते मागून पाहू. किती रायल्या ते सांग. लय असतीन तं वखर घालतो, बाया लावून वेचून घेतो. नसतीन तं उकरू दे त्यांले माती तीन दिवस. डिझेल काहून जाळू?"

ट्रॅक्टरचा आवाज चालू होता. विहिरीजवळच्या बाया उभ्या राहिल्या होत्या.

आचल उठली. उठताना तिनं घमेलं कलतं केलं. शेंगा खड्ड्यात पडल्या. तिनं पायानं त्यांवर माती लोटली, जशी खड्डा बुजवताना कोणीही लोटतं.

"बारा," ती म्हणाली.

"चौरस मीटरले?"

"चौरस मीटरला."

"बारा तं दरवर्षीच रायतात," उत्तमराव म्हणाले. त्यांनी काठी वर करून गजेंद्रला परत जायची खूण केली. "जा बा घरी. आचलच्या हिशोबानं बाराच रायल्या. काई नाई त्यात."

"बारा?" गजेंद्र ओरडला. "अकरा दिवस थांबून? पोरगी भारी आहे तुमची."

ट्रॅक्टर वळला. उत्तमराव विहिरीकडे पाहून मोठ्यानं म्हणाले, "घ्या तीन दिवस. धन्यता मानून घ्या." मग आचलकडे वळून, आवाज खाली न आणता, "पाहिलं? म्हणे आरी सडते."

*

दुसऱ्या दिवशी आचल वावरात गेली नाही. तिसऱ्या दिवशी वाळत घातलेला भुईमूग उलटायचा होता म्हणून जावंच लागलं.

बाया वावरभर बसून होत्या. प्रत्येकीच्या हातात खुरपं, बाजूला टोपलं. धुऱ्यावर भरलेली सात पोती उभी होती, तोंडं सुतळीनं शिवलेली. आठवं अर्धं भरलं होतं. शालू पडीक जागेच्या सगळ्यात जवळ बसली होती. आचलनं पहिला ढीग उलटला तेव्हा ती खुरपं न थांबवता म्हणाली:

"बापाले किती सांगतल्या होत्या?"

"बारा."

शालूनं नुकतंच फोडलेलं ढेकूळ उचललं, शेंगा तळहातावर वेगळ्या केल्या आणि हात पुढं केला. नऊ होत्या. "हे एक ढेकूळ हाय. खऱ्या किती निघाल्या होत्या?"

"एकाहत्तर."

"आमच्यासाठी बारा सांगतल्या?"

"शब्द दिला होता तुम्हाला."

"शब्द दिला होता तं बापाले शब्दच सांगाचा होता. एकाहत्तर म्हणाचं अन् मंग त्याच्या डोळ्यात पाहून म्हणाचं, वखर नाई येणार." शालूनं शेंगा टोपल्यात टाकल्या. "ते नाई सांगतलं तू. एकाहत्तर म्हटल्या असत्या तं त्यानं विचारलं असतं, काहून रायल्या? मंग सांगा लागलं असतं का शालू उपटा म्हणत होती."

आचलच्या हातात भुईमुगाचा भारा होता. तो तिनं परत त्याच बाजूवर ठेवला.

"उपकार नको समजू माह्यावर," शालू म्हणाली. "हे आमचंच हाय. तू बारा म्हटलं तरी अन् एकाहत्तर म्हटलं तरी."

उत्तमराव त्याच वेळी निंबाखाली येऊन उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग गजेंद्रची मोटारसायकल धुऱ्यावर आली. तो उतरला नाही, एक पाय टेकवून थांबला. त्याच्या खिशातून टरफलं डोकावत होती.

"आचल, माह्या शेंगा पाहिल्या मी. तुह्यासारख्याच, विसात तेरा काळ्या. फरदडीच्या वक्ताले तुह्यं ऐकलं नाई, फसलो. आता ऐकतो बा. आठ-दहा दिवस थांबतो. शालूले तसं सांगून ठेवू का?"

"टिक्का आहे का तुमच्यात?"

"हाय न. तुमच्यात होता तसाच. फवारा बंद करून महिना झाला. पण तुमच्या तं बाराच रायल्या."

शालूचं खुरपं थांबलं. तिच्या पलीकडच्या दोघींचंही थांबलं.

आचलनं धुऱ्यावरच्या पोत्यांकडे पाहिलं, मग गजेंद्रकडे. खरा आकडा सांगितला तर ट्रॅक्टर घरून आणायला दहा मिनिटं पुरेशी होती आणि सरव्याचा आज दुसराच दिवस होता. बारावर राहिली तर गजेंद्रचं पीक आठ दिवस मातीत सुटत राहणार होतं, आणि तेही तिच्याच शब्दावर विसंबून.

"थांबू नका, गजेंद्रभाऊ," ती म्हणाली. "उद्याच उपटा."

"काहून? पंधरा व्हा लागतात न?"

"टिक्का असला की शेंग पाहू नका. आरी पाहा." तिनं शालूकडे हात केला. "शालूकाकूंना विचारा. त्यांना कळतं ते."

गजेंद्र हसला. मग हसू तसंच ठेवून त्यानं उत्तमरावांकडे पाहिलं. "भाऊ, हे काय म्हणून रायली पोरगी? इकडे थांबून बारा रायल्या म्हणते, अन् मले उद्या उपटा म्हणते."

उत्तमराव निंबाखालून निघाले आणि या वेळी धुऱ्यावर थांबले नाहीत. काठी रोवत, मऊ मातीत एकेक पाऊल टाकत ते वावरात आले. बायांनी जिथं अजून हात लावला नव्हता अशा जागी ते काठीच्या आधारानं खाली बसले. बसायला बराच वेळ लागला. त्यांनी बोटं मातीत घातली आणि एक ढेकूळ काढून दोन्ही हातांनी फोडलं.

वावरातल्या चौदाही बाया त्यांच्याकडे पाहत होत्या. गजेंद्रला धुऱ्यावरून त्यांची फक्त पाठ दिसत होती.

उत्तमरावांनी तळहातावरच्या शेंगा अंगठ्यानं इकडून तिकडं केल्या. मग त्यांनी मान वळवून धुऱ्यावरच्या सात पोत्यांकडे पाहिलं, आणि शेवटी आचलकडे.

"बारा न?" ते म्हणाले.



त्यांनी शेंगा सदऱ्याच्या खिशात टाकल्या. जमिनीवर हात टेकून, काठीला धरून ते उठले. आचल आधार द्यायला पुढं झाली तेव्हा त्यांनी कोपर मागं घेतलं.

"मोजल्या हायेत तिनं," ते गजेंद्रला म्हणाले. "बारा म्हणजे बारा."

"मंग मी थांबू का उपटू?"

"तुह्यं वावर, तुही अक्कल."

"उद्या साडेपाचले येतो, गजेंद्रभाऊ," शालू बसल्या जागेवरून म्हणाली. "सरवा तीन दिवस. आताच हो म्हणा."

गजेंद्रनं एकदा उत्तमरावांकडे, एकदा शालूकडे पाहिलं. त्याला काहीतरी कळलं होतं, पण काय ते धरता येत नव्हतं. "हो बा, हो," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

आवाज लांब गेल्यावर उत्तमराव बायांकडे वळले.

"काहून थांबल्या? चालू द्या. बाराच हायेत म्हणते पोरगी."

"हो भाऊ," शालू म्हणाली. "बाराच हायेत."

आशाबाईनं मातीतून एक शेंग काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि टोपल्यात टाकली. "बारा," ती म्हणाली. पुढची शेंग निघाली. "बारा." तिच्या बाजूची बाई खुदकन हसली आणि तिनंही आपली शेंग टाकली. "बारा." मग तिसरीनं म्हटलं. थोड्याच वेळात ते वावरभर झालं, प्रत्येक शेंगेला एक, कुठं हळू, कुठं मोठ्यानं.

आचल पाठ करून भुईमुगाचे ढीग उलटत राहिली. आवाज मागून येत होता आणि न मोजता तिला राहवत नव्हतं. एकतिसाव्या 'बारा'ला उत्तमराव निंबाखालून निघाले आणि तिच्याकडे न पाहता घराच्या वाटेला लागले.